विश्वाचं प्रसरण हा वेग नाही, तो व्याजदर आहे

विश्वाचं वय साधारण १३८० कोटी वर्षं. प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जात नाही. ही दोन वाक्यं शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आता तिसरं वाक्य घ्या: आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड आज आपल्यापासून सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

इथे हिशेब फसतो. १३८० कोटी वर्षांत प्रकाश फार तर १३८० कोटी प्रकाशवर्षं चालणार. मग ४६५० कोटी आले कुठून? माझ्या भाच्याने हे ऐन जेवणात विचारलं, आणि "अवकाश प्रसरण पावतं ना!" असं म्हणून मी आमटी वाढून घेतली. तो कसला ऐकतोय. "मामा, म्हणजे अवकाश प्रकाशापेक्षा जोरात पळतं. मग नियम मोडलाच की."

फुग्यावर ठिपके काढून दाखवण्याचा नेहमीचा प्रयोग इथे फार कामाचा नाही. ठिपके एकमेकांपासून लांब जातात एवढं त्यातून दिसतं, पण लांब पळणाऱ्या ठिपक्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो कसा, हे फुगा सांगत नाही. मला ते पटलं ते एका वेगळ्याच कागदामुळे, तो म्हणजे माझ्या गृहकर्जाचा खातेउतारा. त्याकडे येतोच. आधी एक छोटी आकडेमोड.

प्रसरण किती जोरात होतं असं खगोलशास्त्रज्ञांना विचारलं तर ते सांगतात, दर मेगापार्सेकला सेकंदाला साधारण ७० किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. तेवढ्या अंतरावरची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, आपल्यापासून सेकंदाला ७० किमी वेगाने दूर जाते, दुप्पट अंतरावरची १४० किमीने, दसपट अंतरावरची ७०० किमीने. हे एकक जरा निरखून बघा. वर किलोमीटर आहेत आणि खाली मेगापार्सेक. दोन्ही लांबीचीच मापं, त्यामुळे लांबीला लांबी कटते आणि उरतो फक्त काळ. भागाकार पुरा केला की उत्तर येतं: दर १०० कोटी वर्षांना सुमारे ७ टक्के.

बस, प्रसरण म्हणजे एवढंच. शाळेत सरळव्याजाच्या गणितात द.सा.द.शे. लिहायचो, तसं इथे 'दर १०० कोटी साल दर शेकडा ७'. हा वेग नाहीच, हा दर आहे. त्यामुळे "प्रसरण प्रकाशापेक्षा जोरात होतं का?" हा प्रश्न "७ टक्के व्याज हे दहा हजार रुपयांपेक्षा जास्त की कमी?" असं विचारण्यासारखा आहे. मुद्दल किती ते सांगा, मग बोलू.

इथे मुद्दल म्हणजे अंतर. १४०० कोटी प्रकाशवर्षांचं मुद्दल घेतलं तर त्याचे ७ टक्के जवळजवळ १०० कोटी प्रकाशवर्षं होतात, आणि तेही १०० कोटी वर्षांत. म्हणजे वर्षाला एक प्रकाशवर्ष, हाच प्रकाशाचा वेग. त्यापलीकडची प्रत्येक दीर्घिका आज आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने लांब जाते आहे. तिने काही पराक्रम केलेला नाही. ती आपल्या जागी जवळपास निवांत आहे, फक्त आपल्या आणि तिच्या मधलं मुद्दल मोठं आहे.

मग आइन्स्टाइनचा नियम? तो जसाच्या तसा आहे. १९०५ साली त्यांनी जे मांडलं ते शेजारून जाणाऱ्या गोष्टींबद्दल होतं: प्रकाशाच्या किरणाला कोणीही ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. त्या लांबच्या दीर्घिकेत कोणी विजेरी पेटवली, तर तिचा झोत त्यांच्या हातातून सेकंदाला २,९९,७९२ किमी वेगानेच सुटेल, आपला आपल्या हातातून सुटतो तसा. (या आकड्यात आता दुरुस्ती व्हायची नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केलेली आहे.) नियम जागोजागी पाळला जातो. दोन लांबच्या जागांमधलं अंतर किती टक्क्यांनी फुगावं, हे खातं १९१५ च्या सापेक्षतेकडे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताकडे. तिथे अशी कमाल मर्यादा नाही.

जाता जाता एक कुरकुर. "अवकाश ताणलं जातं" हे वाक्य सगळे वापरतात, मीही वापरतो, पण त्यामुळे अवकाश म्हणजे रबराची चादर आहे असं डोक्यात बसतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: माझी खोली, माझं शरीरही ताणलं जात असेल ना? नाही. पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा गुरुत्वाने आणि अणूंच्या बंधांनी बांधलेली आहे. घरातल्या घरात हातउसने घेतात त्यावर कोणी व्याज लावत नाही, तसंच हे. शेजारची देवयानी दीर्घिका घ्या. ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. दराप्रमाणे तिने सेकंदाला ५० किमीच्या वर वेगाने लांब जायला हवं, पण ती उलट सेकंदाला सुमारे ११० किमीने आपल्याकडेच येते आहे. व्याज सुरू होतं ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या मोठ्या अंतरांवर.

हा दर हाती लागायला बरीच माणसं लागली, आणि नाव मात्र बराच काळ एकाचंच राहिलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत वेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून दीर्घिकांच्या प्रकाशाचे वर्णपट घेतले आणि बहुतेकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला आढळला, म्हणजे त्या आपल्यापासून लांब जात होत्या. हार्वर्डमध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी मंद-तेजस्वी होणाऱ्या विशिष्ट ताऱ्यांवरून अंतर मोजण्याची युक्ती सापडवून दिली. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणितज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली प्रसरणाचं गणित आणि दर दोन्ही फ्रेंचमध्ये छापलं, ते फारसं कोणी वाचलं नाही. १९२९ साली एडविन हबल यांनी निरीक्षणांनिशी तोच नियम मांडला. त्या कामातले त्यांचे साथीदार मिल्टन ह्युमेसन माउंट विल्सन वेधशाळा बांधली जात असताना डोंगरावर सामान नेणाऱ्या खेचरांचे तांडे हाकायचे, नंतर तिथेच शिपाईकाम करू लागले आणि शेवटी वर्णपट घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान घेऊन त्या नियमाला हबल-लमेत्र म्हणावं असं ठरवलं. ह्युमेसन यांचं नाव तिथेही आलं नाही.

हबल यांचा दर मात्र भलताच होता. आजच्या ७० च्या जागी ५०० च्या आसपास, म्हणजे १०० कोटी वर्षांना ५० टक्के! एवढ्या चढ्या दराने मागे जात हिशेब केला की विश्वाचं वय निघायचं जेमतेम २०० कोटी वर्षं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे भरत होते. लेक आईपेक्षा वयाने मोठी. या पेचावरचा एक उपाय म्हणून १९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त पुढे आणला, ज्यात आपले कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर पुढे हॉइल यांचे सहकारी झाले. तो सिद्धान्त प्रसरण नाकारत होता असा पुष्कळांचा समज असतो, पण तसं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की दर कायम एकच राहतो आणि फुगणाऱ्या जागेत नवीन द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून विश्वाला आरंभच नाही. पुढे १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी लेव्हिट यांच्या ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत हे दाखवलं, अंतरं एकदम दुप्पट झाली आणि दर खाली आला. १९६५ साली विश्वाच्या बालपणीची उष्णता सगळ्या आकाशात सापडल्यावर बहुतेकांनी महास्फोटाची, म्हणजे विश्वाला आरंभ आहे असं सांगणाऱ्या सिद्धान्ताची बाजू घेतली. नारळीकर शेवटपर्यंत त्या बाजूला गेले नाहीत. बहुमताने ते विचलित होत नसत.

दर बदलतो की कायम राहतो, हा प्रश्न लक्षात ठेवा. सगळी गंमत तिथेच आहे.

पण आधी प्रसरण प्रत्यक्ष कसं दिसतं ते आपल्याच पुणे जिल्ह्यात बघू. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तारेच्या जाळीच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. अशा एकूण ३० थाळ्यांची ती रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. हायड्रोजनचा अणू एक ठरावीक रेडिओ लहर सोडतो, लांबी २१ सेंटिमीटर. हाताची बोटं ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा: एक वीत, जवळपास तेवढीच. २०२३ साली जाहीर झालेल्या एका कामात या दुर्बिणीने एका फार लांबच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची हीच लहर पकडली. मध्ये आडव्या आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने ती भिंगासारखी ठळक केली होती म्हणून ती सापडली. ती लहर तिथून निघून ८८० कोटी वर्षं झाली होती आणि इथे पोचताना तिची लांबी ४८ सेंटिमीटर भरली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जो आपला जुना 'हात', तेवढी. वीतभर निघाली, हातभर होऊन पोचली. या वाटेत विश्वातली सगळी मोठी अंतरं जितक्या पटीने वाढली, तितक्याच पटीने, म्हणजे २.२९ पटीने, ती लहरही वाढली. प्रसरण मोजायची याहून सरळ पट्टी मला माहीत नाही.

आता तो खातेउतारा.

मी २५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं होतं. हप्ता २२,४९३ रुपये. पहिल्या महिन्याचा उतारा आला तेव्हा बघतो तर १८,७५० रुपये व्याजात गेले आणि मुद्दलातून वजा झाले जेमतेम ३,७४३. इतके पैसे भरून कर्ज जागचं हलतच नाही असं वाटायचं. दर आणखी चढला असता आणि हप्ता तोच राहिला असता, तर व्याजच हप्त्याच्या वर गेलं असतं आणि दरमहा इमानेइतबारे पैसे भरूनही कर्ज वाढत गेलं असतं. २०२२-२३ मध्ये व्याजदर चढत गेले तेव्हा काही कर्जदारांवर ही वेळ खरोखर आली होती.

आपल्याकडे निघालेला प्रकाशकिरण हा असाच कर्जदार आहे. त्याचं आपल्यापासून राहिलेलं अंतर हे कर्ज. त्याचा हप्ता ठरलेला: वर्षाला एक प्रकाशवर्ष, कमी नाही, जास्त नाही. आणि राहिलेल्या अंतरावर प्रसरण दर वर्षी व्याज चढवतं. नवीन अंतर म्हणजे जुनं अंतर, अधिक व्याज, वजा हप्ता. मी उपमा देत नाहीये, विश्वशास्त्रातलं समीकरण खरोखर हेच आहे, फक्त तिथे ते ग्रीक-रोमन अक्षरांत लिहितात.

आता सगळ्यात जुनं कर्ज तपासू. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व ३००० अंश केल्विनपर्यंत निवलं, तापलेल्या वायूचं धुकं निवळलं आणि प्रकाश पहिल्यांदा मोकळा सुटला. तो आज आपल्याला सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या आकाशातून मिळतो. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथल्या शिंगासारख्या अँटेनात त्याची खरखर ऐकू आली, तेव्हा त्यांनी आधी आत बसलेल्या कबुतरांना हाकललं आणि त्यांची घाण धुऊन काढली. खरखर गेली नाही.

हा प्रकाश निघाला तेव्हा तो वायू या आपल्या जागेपासून होता फक्त ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. म्हणजे मूळ कर्ज ४.२ कोटी. ते ४.२ कोटी वर्षांत फिटायला हवं होतं. पण त्या काळातला दर आजच्या सुमारे २३,००० पट होता, लाख वर्षांनाच १६ टक्के. त्या दराने ४.२ कोटींवर वर्षाचं व्याज होतं साठ प्रकाशवर्षांच्या वर, आणि हप्ता एक! तो किरण आपल्या दिशेने पूर्ण वेगाने धावत होता आणि तरी आपल्यापासून लांब चालला होता. असला कर्जदार कोणत्याही बँकेने पहिल्याच वर्षी बुडीत खात्यात टाकला असता.

मग तो पोचला कसा? कारण दर कोसळत गेला. सुरुवातीच्या विश्वात द्रव्य दाटीवाटीने होतं, त्याच्या गुरुत्वाने प्रसरणाला ब्रेक लावला. अंतर वाढत होतं, पण त्यावरचा दर त्याहून झपाट्याने उतरत होता. सुमारे ४०० कोटी वर्षं किरणाचं कर्ज चढत राहिलं, ४.२ कोटींचं ५८० कोटी प्रकाशवर्षं झालं. मग एक क्षण असा आला की व्याज आणि हप्ता नेमके बरोबरीत आले. किरण धावतोय आणि अंतर तिथल्या तिथे. त्यानंतर दर आणखी उतरला, हप्ता वरचढ झाला, मुद्दल फिटू लागलं. उरलेल्या ९८० कोटी वर्षांत सगळं फिटलं आणि किरण अँटेनात शिरला. वाटेत त्याची लहर सुमारे १०९० पट लांबली, म्हणून ३००० अंशांची झळ आज २.७ अंशांची थंडी झाली आहे.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. किरण १३८० कोटी वर्षंच चालला, एक दिवसही जास्त नाही. पण तो ज्या वायूतून निघाला तो वायू, ज्याच्या आज दीर्घिका झाल्या असतील, मधल्या काळात १०९० पट लांब गेला: ४.२ कोटींवरून ४५०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे. धुक्याच्या आधीची ३ लाख ८० हजार वर्षंही धरली की कड ४६५० कोटींवर जाते. प्रकाशवर्षाचा आकडा हा इथे प्रकाशाने काढलेल्या वर्षांचा आकडा नाही. तो आजच्या दिवशी मोजपट्टी धरली तर भरेल ते अंतर आहे.

जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ साली दाखवलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनीची आहे. आज ती ३३०० कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे आणि प्रकाशाच्या दुपटीहून जास्त वेगाने दूर जाते आहे. तरी तिचा फोटो आपल्या मोबाइलवर आहे, कारण तिने पूर्वी काढलेलं कर्ज फिटलं.

आज काढलेलं मात्र फिटणार नाही. १९९८ साली दोन गटांनी लांबच्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश मोजला, तो अपेक्षेपेक्षा मंद निघाला, म्हणजे तारे अपेक्षेपेक्षा लांब होते. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. "विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय" अशी बातमी झाली आणि दर वाढतोय असा समज पसरला. दर वाढत नाहीये. तो अजून उतरतोच आहे, पण शून्याकडे न जाता पावणेसहा टक्क्यांच्या आसपास टेकणार, असा अदृश्य ऊर्जेचा, म्हणजे प्रसरणाला जोर देणाऱ्या 'डार्क एनर्जी'चा हिशेब सांगतो. आणि दर टेकला तरी चक्रवाढ चालूच राहते. मुदतठेवीचा दर तोच असताना दर वर्षी मिळणारी रक्कम फुगत जाते, तसं एकेका दीर्घिकेचं लांब जाणं जोर धरतं.

तळ असलेल्या दराचा अर्थ असा, की एका मर्यादेपलीकडचं कर्ज कधीच फिटत नाही. ती मर्यादा आज १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांच्या दरम्यान आहे. तिच्यापलीकडे आज पेटलेला तारा आपल्याला कधीही दिसणार नाही. दिसणाऱ्या विश्वाचं घनफळ काढलं, तर त्यातला जवळपास ९५ टक्के भाग या रेषेच्या पलीकडे गेलेला आहे. त्या दीर्घिकांचे जुने फोटो येत राहतील, आणखी तांबडे, आणखी मंद होत, पण आजचा अंक तिथून येणार नाही.

नेमका दर किती यावर मात्र दोन खिडक्यांवर दोन आकडे मिळतात. बालविश्वाच्या त्या उष्णतेवरून प्लँक उपग्रहाच्या गटाने काढलेला आकडा ६७.४, म्हणजे ६.९ टक्के. जवळच्या तारे-दीर्घिकांवरून रीस यांच्या गटाने काढलेला ७३ च्या आसपास, म्हणजे साडेसात टक्क्यांना टेकलेला. दोघांनीही हिशेब पुन्हा पुन्हा तपासले, फरक मिटत नाही.

आणि तो तळ तरी पक्का आहे का? ॲरिझोनातल्या किट पीकवर डेझी नावाचं उपकरण ५००० काचतंतूंनी एकाच वेळी दीर्घिकांचे वर्णपट घेतं. त्याच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत अदृश्य ऊर्जा काळानुसार क्षीण होत असल्याची चाहूल आहे. चाहूलच, खात्री म्हणावी एवढा पुरावा जमलेला नाही. पण ते खरं निघालं तर दराचा तळ पावणेसहा टक्क्यांवर टिकणार नाही, आणि आज बुडीत धरलेल्या प्रकाशापैकी काही पुढे कधीतरी वसूल होईल. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "आणि तुझं कर्ज?" अजून अकरा वर्षं आहेत.